गरिबाघरचं

अंगणवाडीच्या काट्यावर लेकीचं वजन याही महिन्यात वाढलं नाही, तशी करुणा थकून भिंतीला टेकली. "काय भरवतेस गो तिला?" सेविकाताईंनी विचारलं. "चांगलंच देते, ताई. चहात बुडवून क्रीमचं बिस्कीट. तिचे पप्पा कंपनीतून सुटले की महाडहून आणतात." "आणि तू काय खातेस?" करुणा ओशाळली. "आमचं काय, हाय तीच नाचणीची भाकरी नि सुकट. असलं गरिबाघरचं पोरीला कसं द्यायचं?" ताईंनी कपाळावर हात मारला. "अगो येडे, सगळी ताकद त्यातच हाय! आजपासून तेच कुस्करून भरव." घरी येऊन करुणानं सुकटीच्या कालवणात भाकरी भिजवली. लेकीनं मिटक्या मारत खाऊन पुन्हा तोंड उघडलं. करुणानं पुढचा घास भरवला. पोटाला चिमटा काढून पोरीला चांगलं देतोय, या समजुतीत तिच्या वाटणीचं आपणच खात आलो, हे तिला कुणाला सांगवेना.