बॉनेटचं कुलूप

"आलास? मला वाटलं, तोंड लपवून बसशील," दोब्री मास्तर अंगणातल्या बाकावरूनच ओरडले.

क्रुमने हत्यारांची पेटी गाडीपुढे आदळली. "काय झालंय आता?"

"ते तू सांगायचं. मेकॅनिक म्हणवतोस ना स्वतःला?"

महिन्याभरातली ही तिसरी खेप. पहिल्यांदा कॉइलची वायर निघाली होती, दुसऱ्यांदा बॅटरीची. गाडी तीस वर्षांची, कुरकुरणारच. पण ठणठणीत इंजिन असं उठसूट बंद पडत नाही.

त्याने किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन मात्र ढिम्म. पेट्रोल येत होतं. प्लगला ठिणगी नव्हती. त्याने प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डेल्कोचं झाकण उघडलं आणि बघतच राहिला. आतला रोटर गायब होता. रोटर झिजतो, तडकतो. बंद झाकणातून उडून जात नाही.

क्रुमच्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षांपूर्वी सरकारी बसडेपोत मास्तर हेच करायचे. इंजिनातला एखादा भाग गुपचूप काढायचे आणि हाताखालच्यांना दोष शोधायला लावायचे. एकदा क्रुमला सापडला नाही, तेव्हा सगळ्यांदेखत त्याच्या टोपीत काळं तेल ओतून त्यांनी त्याला डेपोबाहेर काढलं होतं.

"रोटर कुठे लपवलात?" त्याने उघडं झाकण त्यांच्या नाकासमोर धरलं. "बघा!"

मास्तरांनी मान फिरवली. "मला काय दाखवतोस? तूच नेला असशील. काम कच्चं ठेवायचं, म्हणजे पुन्हा बोलावणं येतं."

"तुमच्या अंगणात यायची मला हौस नाही."

"मग नीट कर आणि चालता हो. आज बाजारचा दिवस आहे, मला खाली जायचंय."

क्रुमने पेटीतला जुना रोटर बसवला. इंजिन सुरू झालं. मास्तर मान तिरकी करून ऐकत होते.

"तिसरा सिलिंडर मिस मारतोय. कान घरी ठेवून आलास का, क्रुम्या?"

खरंच मारत होता. त्यामुळे क्रुम आणखीच भडकला. त्याने प्लग घासून परत बसवला. इंजिन एका सुरात चालू लागलं. मग बॉनेट आपटून त्याला कडी ठोकली आणि जाडजूड कुलूप घातलं.

"आता कुणाला खोड्या काढायच्या असतील त्याने आधी हे तोडावं," तो म्हणाला आणि त्याने कुलपाची किल्ली पुढे केली.

मास्तरांनी हात उचलला नाही. "हातात दे. भीक घालतोस का?"

क्रुमने किल्ली त्यांच्या तळहातावर थापली. बावीस वर्षांत माणूस तसूभर बदलला नव्हता.

"रुमेनाला यातलं काही सांगू नकोस," मास्तर गाडीच्या टपावरून हात फिरवत दाराशी गेले. "गाडीचं नाव काढलं की पोरगी अंगावर येते. बरंय, बाजारात गेलीय."

गाडी झटक्यात निघाली. फाटकाच्या खांबाला खर्रकन घासली. क्रुमने उडी मारली म्हणून त्याचा पाय वाचला.

"म्हातारा माजलाय," तो थुंकला.

उताराच्या रस्त्यावर रुमेना दोन पिशव्या घेऊन चढत येत होती. गाडी दिसताच तिने पिशव्या टाकल्या आणि ती रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली. ओरडत होती. मास्तरांनी वेग कमी केला नाही. अगदी शेवटच्या क्षणी तिने गटारात अंग झोकून दिलं. गाडी तशीच वळणाआड गेली, खाली, बाजाराच्या दिशेने.

क्रुम धावत सुटला. पोटच्या पोरीसाठीसुद्धा थांबला नाही हा राक्षस! त्याने तिला हात देऊन वर ओढलं. तिचं कोपर फुटलं होतं. तिने त्याचा हात झटकला आणि त्याची कॉलर धरली.

"तीनदा बंद पाडली मी ती गाडी! तीनदा! कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्यांनी मला," ती किंचाळली. "अरे, ईस्टरपासून माझा चेहरासुद्धा दिसत नाही त्यांना!"