वर्षाच्या आत

सासूबाई गेल्यावर संध्या सासऱ्यांना, अप्पांना, पुण्याहून जर्मनीत बॉबलिंगेनला घेऊन आली. अप्पा एकदाही रडले नव्हते. आल्या आल्या त्यांनी एवढंच बजावलं होतं, "वर्षाच्या आत घरात गाणं-बजावणं नको." लेकीला, अन्वीला, ते सांगायचं मात्र राहून गेलं.

शनिवारी अन्वीने जुन्या बाजारातून अमेरिकन सोल संगीताची एक रेकॉर्ड आणली आणि मोठ्याने लावली. "आई, ही आता क्लासिक आहे! आली तेव्हा सगळ्यांनी रडगाणं म्हणून झोडपली होती."

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. अप्पा थेट रेकॉर्ड प्लेअरसमोर येऊन उभे राहिले.

"चुकलं हो तिचं, अप्पा. बंद करते." संध्याने घाईने हात पुढे केला.

अप्पांनी तो मध्येच धरला. त्या गाण्यातलं इंग्रजी त्यांना काहीच कळत नव्हतं. गाणारीचा आवाज चिरकत चालला होता.

"हिचं कोण गेलं?"

अन्वीने घाबरत कव्हर उलटून वाचलं. "नवरा, आजोबा."

अप्पा सोफ्यावर बसले. चष्मा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

"रडू दे तिला," ते म्हणाले. "संध्या, खिडकी तेवढी लावून घे."