गळतीची तक्रार

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फिटर गल्लीच्या तोंडाशी आला आणि मोठ्या पाइपच्या गळक्या जोडाला त्याने पाना लावला. जोडाखाली हंड्यांची रांग होती. सबंध गल्लीला पाणी तेवढंच. नळ एकाही घरात नव्हता.

"मावशी, हंडे सरकवा. गळतीची तक्रार आलीय."

"कुणी केली, ते नाही विचारलंस?"

"कुणी?"

"मीच."

फिटरचा हात थांबला. "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात की हो!"

"नळासाठी तीन वर्षं अर्ज करतेय, चिटपाखरू फिरकलं नाही. शेजारीण म्हणाली, गळती कळवली की त्याच दिवशी माणूस येतो. म्हटलं, येऊ दे. आला की त्याला गल्ली दाखवू."

"मला दाखवून काय उपयोग? मी नुसता आवळणारा."

"मग जरा सैल तरी ठेव."

"कोरड्या जोडाचा फोटो पाठवावा लागतो, मावशी."

त्याने जोड आवळला, फडक्याने पुसला, फोटो काढून पाठवला. पाचच मिनिटांत मावशींच्या मोबाइलवर निरोप आला. तक्रार दूर झाली आहे. समाधानी असल्यास एक दाबा, नसल्यास दोन.

"दोन दाबलं तर काय होतं रे?"

फिटरने पाना पिशवीत टाकला. "परत मलाच पाठवतात. आणखी आवळायला."

संध्याकाळी पाचपर्यंत मावशींनी एकही आकडा दाबलेला नव्हता.