चौतीसचं ॲव्हरेज

हायब्रीड गाडी घेतल्यापासून नारायणरावांना एकच नाद लागला होता. उतार दिसला की ते ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेत आणि गाडी तिच्या तिच्या चालीनं जाऊ देत. बॅटरीही भरते आणि पेट्रोलही वाचतं. पण नगरहून सोनईला परतताना इमामपूरच्या घाटात शेजारी बसलेली इंदू हमखास वैतागायची. "अहो, तो उसाचा ट्रॅक्टरसुद्धा पुढे गेला! दाबा की जरा!" मग दाबावंच लागायचं, आणि ॲव्हरेज अठ्ठावीसच्या वर काही सरकायचं नाही.

आज घाटात कुणी काही म्हणालं नाही. हातपाय आपापलं काम करत होते. पुढची गाडी संथ चालली होती, तिच्यामागे त्यांनी आपलीही तशीच सोडून दिली. सोनईत घरासमोर थांबल्यावर स्क्रीनवर चौतीसचा आकडा उमटला. सवयीनं त्यांनी फोटो काढून हायब्रीडवाल्यांच्या ग्रुपवर टाकला.

लगेच अंगठे आले, टाळ्या आल्या. एकानं विचारलं, "सर, चौतीस? मानलं बुवा! आज असं काय केलंत?"

शेजारच्या बन्सीनं काचेवर हलकेच टकटक केली. "सर, उतरता ना? समदे थांबल्यात."

"आलोच," म्हणत नारायणरावांनी आधी उत्तर टाइप केलं.



"काही विशेष नाही. आज मिसेस शेजारी नव्हत्या, पुढच्या शववाहिकेत होत्या."