दाराजवळची वकीलबाई

“किशोरीचा विषय काढायचा नाही. काही मागायचं नाही. आधी शब्द द्या,” गाडी सुरू करण्याआधी विद्याने बजावलं.

“मी काही मागणार नाही,” अदिबा म्हणाली. “दिला शब्द.”

दोघी इंग्रजीत बोलत. अदिबा विद्याच्या वरच्या मजल्यावर, मुलीकडे राहायला आली होती. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसला तिने उभा जन्म इस्रायली लष्करी कोर्टात काढला होता, उचलून नेलेल्या पोरांचे खटले लढवत. दोनदा स्वतःही आत जाऊन आली. त्यावर पुस्तकं लिहिली. ऑफिसला सील ठोकलं तेव्हा पुढचं पुस्तक तिने स्वयंपाकघरात बसून पुरं केलं. इथे सौदीत, तबूकमध्ये तिला वकिली करायची मुभा नव्हती, पण खोड काही गेली नव्हती. बिल्डिंगच्या वॉचमनची कैफियतसुद्धा ती खुर्ची ओढून ऐकायची.

अशा बाईला किशोरीबद्दल सांगायची चूक विद्याने केली होती.

किशोरी चिपळूणची. नासरसाहेबांच्या घरी त्यांच्या म्हाताऱ्या आईची देखभाल करायला ठेवलेली, घरकामाच्या व्हिसावर. गावी तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती. पण कफीलने, म्हणजे तिला कामावर आणणाऱ्या नासरसाहेबांनी, हो म्हटल्याशिवाय तिला विमानात पाऊल ठेवता येत नव्हतं आणि पासपोर्टही त्यांच्याच कपाटात होता. नासरसाहेब ‘ईदनंतर बघू’ म्हणाले होते. ईद येऊन गेली. किशोरी फोनवर रडायची आणि विद्या ‘बघते हं’ म्हणून फोन ठेवायची.

बघणार काय, कपाळ! विद्याचा नवरा शिरीष नासरसाहेबांच्याच हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते याच महिन्यात ठरायचं होतं. त्याने साहेबांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन केलं होतं. तिची विचारपूस करायची, गोड बोलायचं आणि परत यायचं, एवढंच आजचं काम होतं. अदिबा ‘मीही येते’ म्हणाली. वयाने मोठ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

“तुम्ही किती खटले जिंकलात हो?” सिग्नलला थांबल्यावर विद्याने विचारलं. जरा डिवचायलाच.

“फार थोडे.”

“मग लढत का राहिलात?”

“मी दमेन असं त्यांना वाटत होतं, म्हणून.” अदिबाने डोक्यावरचा रुमाल नीट केला. “तिथल्या न्यायाधीशाला माझा कायदा मान्य नव्हता. मग मी त्याचा कायदा पाठ केला. दुसऱ्याच्या नियमाला माणूस भीक घालत नाही. स्वतःच्या नियमातून मात्र त्याला सुटता येत नाही.” मग तिने सहज विचारलं, “आज तरी कॉफी घेशील?”

“छे, त्या कॉफीने मला पित्त होतं. माहीत आहे ना तुम्हाला?”

“आहे,” अदिबा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

नासरसाहेबांच्या घरी, बायकांच्या बैठकीत अदिबाने विद्याला हाताला धरून म्हातारीच्या उजव्या बाजूला बसवलं. विद्याकडे बोट दाखवून ती अरबीत काहीतरी बोलली आणि स्वतः पार दाराजवळ जाऊन बसली. किशोरी कॉफी घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते. विद्याने छोटासा कप घेतला आणि समोर ठेवून दिला.

अदिबाने मात्र चवीने कॉफी घेतली, पुन्हा मागितली, मग कप हलवून पुरे म्हटलं. खजूर खाल्ले. गुडघेदुखीवर बोलली, नातवंडांवर बोलली. या वकीलबाईबद्दल विद्याकडून फोनवर ऐकलेली किशोरी आशेने पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत होती. अदिबाची नजर काही वळेना.

खरं तर विद्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिचं डोकं तापत गेलं. हीच का ती, बंदुकवाल्यांसमोर उभी राहणारी? शब्द पाळायचा तो इतका? आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. तो शब्द घेतला होता कुणी?

“ताई, घ्या ना थोडी,” किशोरी वाकून मराठीत कुजबुजली. “आजींचं सारखं तुमच्या कपाकडेच लक्ष आहे.”

“नकोय मला!”

आवाज जरा जास्तच चढला. बैठकीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. म्हातारीने काठी बाजूला ठेवली, विद्याकडे पाहिलं आणि सावकाश काहीतरी सांगितलं. ते ऐकून किशोरी जागच्या जागी थबकली.

आता गेलं शिरीषचं कॉन्ट्रॅक्ट, विद्याला वाटलं.

“ताई,” किशोरी मराठीत सांगू लागली, “आजी म्हणतात, पाहुणीने कप तोंडाला न लावता समोर ठेवला, म्हणजे तिला काहीतरी मागायचं असतं. ते दिल्याशिवाय या घरातून पाहुण्याला कधी उठू दिलेलं नाही. काय हवं ते मागा म्हणतात. नासरला मी सांगेन. दिलं म्हणूनच समजा आणि मग कॉफी घ्या.”

विद्याने दाराकडे पाहिलं. अदिबा खजुराची बी बशीत ठेवण्यात गुंतली होती.

शिरीषचं कॉन्ट्रॅक्ट अगदी जिभेवर आलं होतं. विद्याने ते गिळलं.

“सांग त्यांना,” ती म्हणाली आणि पुढचं तिच्या तोंडून नकळत इंग्रजीतच आलं, “किशोरीला तिच्या आईकडे पाठवा. याच आठवड्यात. पासपोर्ट आजच तिच्या हातात द्या.”

किशोरीने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तेव्हा दाराजवळ अदिबा उठून उभी राहिली आणि विद्याचा शब्दन् शब्द तिने खणखणीत अरबीत म्हातारीपुढे मांडला.

“मागणार नाही, एवढंच मी कबूल केलं होतं,” खाली बसताना ती विद्याला म्हणाली. “भाषांतर करणार नाही, असं नव्हे.”