पर्सना ऊन

हात उचलला की दुसऱ्या दिवशी निकेश बायकोसाठी अलिबागहून नवी पर्स आणायचा. नागावच्या त्यांच्या होमस्टेला आलेल्या पाहुण्यांना तो पर्सनी भरलेलं काचेचं कपाट कौतुकाने दाखवायचा. रचनाला एकटीने फाटकाबाहेर जायची परवानगी नव्हती, त्यामुळे एकही पर्स कधी खांद्याला लागली नव्हती.

खाऱ्या हवेने पर्सना बुरशी धरते. म्हणून आज सासूबाईंनी, केसरबाईंनी, रचनाला न विचारताच सगळ्या पर्स अंगणातल्या खाटेवर उन्हात मांडल्या.

एकीची चेन उघडली. आत घडी घातलेली साडी.

दुसरीची उघडली. दोन ड्रेस.

तिसरीत रचनाचं आधार कार्ड आणि बारावीचा दाखला.

रचना दारातच उभी राहिली.

"आये, काय भरलंय गं त्यांत?" ओटीवरून निकेशने विचारलं.

"रद्दी हाय रं. आकार मोडाय नको म्हणून कोंबलीय तिनं."

केसरबाईंनी तिन्ही चेनी लावल्या आणि रचनाजवळ येऊन हळूच म्हणाल्या,

 

"यातली मोठी कंची? माझी बी दोन लुगडी बसतील का बघ."