भिंगवाली

ऑफिसात मला सगळे भिंगवाली म्हणतात. मोबाइलवर आलेला कुठलाही फोटो मी बोटांनी ताणून मोठा करते आणि तो कॉम्प्युटरने बनवलेला खोटा फोटो असेल तर त्यातली चूक शोधून काढते. कधी हाताला सहावं बोट असतं, कधी सावली भलतीकडेच पडलेली असते. चूक सापडली की मी पुढे बघतसुद्धा नाही.

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर एका पेटलेल्या इमारतीचा फोटो आला. धुराने अर्धी इमारत गिळली होती. रिसेप्शनवरच्या ताई धावत माझ्या टेबलाशी आल्या.

"बघ ना गं, खरा आहे का हा?"

मी फोटो ताणला. ज्वाळा पोचलेल्या एका गॅलरीत, दोरीवर निळ्या चौकडीचा शर्ट वाळत होता. त्याला डावी बाहीच नव्हती.

"सापडली चोरी!" मी हसले. "कॉम्प्युटर बाही जोडायलाच विसरला. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका, ताई."

ताईंचा जीव भांड्यात पडला. ग्रुपवर सगळ्यांनी मला शाबासकी दिली. मी ऐटीत चहाचा कप उचलला आणि तो तसाच हातात राहिला. घाईघाईने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना.



बाबांचा प्लॅस्टरमधला हात शर्टात जाईना, म्हणून परवा मीच त्यांच्या निळ्या चौकडीच्या शर्टाची डावी बाही कापली होती. आणि दुपारी बाबा घरात एकटेच झोपलेले असतात.